कराड–फणसवाडी, वस्ती

"जाऊ द्या, बाबा!"

पायरीवर चपला काढता काढता आतून हा आवाज आला आणि माझा एक पाय चपलेत तसाच राहिला. आवाज स्वप्नालीचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा. वाक्य मात्र माझं होतं.

माझं म्हणजे अगदी माझं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. रिटायर झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी घरादाराचं डोकं खाल्लं. गल्लीतून टेम्पो गेला की म्हणायचे, "ह्याची क्लचप्लेट गेली." शेजारच्यांची स्कूटर सुरू झाली नाही की लुंगीवरच धावायचे. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. एक दिवस मी बस चालवायचा गेम आणला आणि त्याच्या जोडीला टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग अन् दोन पेडल. बाबा म्हणाले, "बारक्या पोरांचा खेळ हाय ह्यो." आठवड्याभरात हा माणूस जेवण झालं की चष्मा पुसून ड्युटीवर बसायला लागला.

गेममधला रस्ता परदेशातला होता. स्वच्छ, गुळगुळीत, कुत्रं म्हणून आडवं येत नाही असा. पण बाबांनी तो आपला करून घेतला. लाल कौलांचं चर्च होतं ते पाटणचं स्टँड, मोठा पूल म्हणजे कोयनानगर, पुढचा डोंगर म्हणजे कुंभार्ली घाट. घाट उतरून शेवटचा थांबा आला की ती फणसवाडी. कराड–फणसवाडी ही त्यांची शेवटची कितीतरी वर्षांची गाडी, वस्तीची. म्हणजे संध्याकाळी जायचं, रात्री तिथंच राहायचं आणि सकाळी परत.

मी त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर. दार, दिवे, इंडिकेटर हे सगळं कीबोर्डवर होतं आणि स्टिअरिंग सोडून बटणं दाबणं बाबांना पटायचं नाही. मग थांबा आला की दार मी उघडायचं, माणसं चढली की लावायचं आणि म्हणायचं, "जाऊ द्या, बाबा!" तेवढं म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. मला ते ‘मास्तर’ म्हणायचे, सगळे ड्रायव्हर कंडक्टरला म्हणतात तसं.

माझं लग्न होऊन मी जयसिंगपूरला गेले. फोन केला की बाबा म्हणायचे, "गाडी उभी हाय बघ. मास्तर न्हाई." मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडायचे. आणि खरं सांगू? बरंही वाटायचं. गाडी उभी आहे म्हणजे माझी जागा रिकामी आहे.

आणि आता फराळाला मदत म्हणून दिवाळीच्या आधी चार दिवस लवकर येते तर ही बया माझ्या स्टुलावर बसून माझ्या बाबांना माझंच वाक्य म्हणतेय.

मी आत गेले. बाबांनी मान वळवली नाही. "थांब वैजू, स्टॉप येऊ दे," म्हणाले. वर्षाने लेक घरी आलीय आणि हे स्टॉपची वाट बघतायत!

स्वप्नाली मात्र टुणकन उठली. "ताई! अहो, फोन तरी करायचा, हे स्टँडवर आले असते. बसा ना, बसा इथं."

मला माझीच जागा देत होती. पाहुणीला पाट द्यावा तशी.

"नको नको, बस तू," मी म्हटलं. "तुझी ड्युटी चाललीय."

आईने स्वयंपाकघरातून झारा हातात घेऊनच डोकावलं. "आधी पाय धू. आणि त्या पेटीपुढं बसू नगंस आल्या आल्या. चकल्या करायच्यात."

आई कॉम्प्युटरला पेटी म्हणायची. एवढं बोलूनही ती दारातच उभी राहिली, स्क्रीनकडे बघत. मग तेल करपल्याचा वास आला तशी आत पळाली.

तेवढ्यात गाडी घाटाला लागली आणि अडकली. चित्र थांबायचं, एकदम पुढं जायचं, पुन्हा थांबायचं. बाबा वळण घ्यायला स्टिअरिंग फिरवत होते आणि स्क्रीनवरची गाडी मागाहून वळून कठड्याला घासत होती.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "दसऱ्यापासनं असंच. पाटणपातुर एकदम झकास, आणि घाट लागला की दम टाकती. वढतच न्हाई. पिकअप गेला हिचा."

"मी म्हटलं बाबांना," स्वप्नाली म्हणाली, "माझ्या चुलतभावाचं दुकान आहे मलकापूरला, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं. त्याला बोलवू का. पण बाबा..."

"काही गरज नाही कुणाला बोलवायची," मी म्हटलं. अजून पाय धुतले नव्हते, पाठीवरची बॅग पाठीवरच होती. "फॉरमॅट मारला की होईल. कचरा साठला असणार आतमध्ये. काय काय टाकून ठेवलं असेल त्यात."

हे शेवटचं वाक्य मी कुणाकडे बघून म्हटलं ते सांगायला नको.

जेवणं झाली आणि मी पदर खोचून बसले. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर स्वप्नालीच्या लग्नातला फोटो. त्यात बाबा तिच्या शेजारी उभे, हसतायत. माझ्या लग्नात बाबा एका फोटोत हसले नव्हते. ‘लेक जाताना कोण हसतं का गं?’ म्हणाले होते तेव्हा. आता सून आली तर सगळे दात दिसतायत.

कीबोर्डकडे बघितलं तर बटणांवर कागदाचे चिटोरे, वरून सेलोटेप. ‘दार’, ‘दिवा’, ‘हॉर्न’. तिचंच गोल गोल अक्षर. मला कधी चिठ्ठी लागली नव्हती. डोळे झाकून दार उघडायचे मी.

"ताई," ती मागे उभी राहून हळूच म्हणाली, "फॉरमॅट केल्यावर सगळं जातं ना? बाबांच्या फेऱ्या जातील का? त्यांनी गाडीला रंग दिलाय, लाल. नंबर पण टाकलाय. त्यांच्या खऱ्या गाडीचा."

"मी पहिल्यांदा करत नाहीये हे."

"नाही नाही, तसं नाही. मला आपलं वाटलं..."

"आधी सगळं डी ड्राइव्हवर घ्यायचं, मग सी उडवायचा. समजलं?"

मी एकेक फोल्डर उचलून डीमध्ये टाकत गेले. तिचे लग्नाचे फोटो, तिच्या भाच्याचं बारसं, ‘बाबा गाडी’ नावाचं फोल्डर. ‘बाबा गाडी’ उघडून बघितलं. मी होते तेव्हाच्या फेऱ्या तळाशी होत्या आणि त्यांच्यावर हिच्या फेऱ्यांचा हा एवढा थर. माझ्यापेक्षा हिने जास्त ड्युटी केली होती! बोट एक क्षण घुटमळलं. पण मी मत्सरी आहे, चोर नाही. सगळं नीट उचललं, दोनदा तपासलं आणि मग विंडोजची सीडी घातली.

फॉरमॅट मारताना मला पूर्वी कायम बरं वाटायचं. घर झाडून काढल्यासारखं. त्या दिवशी तर विशेष वाटलं. लग्नाचा फोटो गेला, काळा पडदा आला आणि मग निळा. पट्टी सरकायला लागली.

आता ती पट्टी सरकेपर्यंत बसून राहण्याशिवाय काम नसतं. बाबा शेजारच्या खोलीत आडवे झाले. स्वप्नाली मळलेलं चकलीचं पीठ आणि सोऱ्या घेऊन तिथंच जमिनीवर बसली आणि मला उठता येईना. दोघी एका खोलीत, मध्ये पट्टी.

"तुमचंच सांगत असतात बाबा," ती कागदावर चकली पाडत म्हणाली. "पहिल्या दिवशी मी दार उशिरा उघडलं, तर म्हणाले, वैजू असती तर माणूस एव्हाना बसून तिकीट काढून मोकळा झाला असता."

मला गुदगुल्या झाल्या. पण वरकरणी मोठेपणाने म्हटलं, "तसं बोलतातच ते. मनावर घेऊ नये."

"रोज म्हणायचे, महिनाभर. वैजू अशी, वैजू तशी. मी रात्री ह्यांना म्हणायचे, तुमच्या बहिणीने मला पार सतावलंय हो, आणि त्यांना बिचाऱ्यांना माहीत पण नाही." ती हसली. "म्हणून मग चिठ्ठ्या लावल्या. चुकायला नको म्हणून."

"मग आता चुकत नाहीस?"

"आता कमी. पण तुमच्यासारखं नाही येत म्हणतात." आणि मग खाली मान घालूनच म्हणाली, "आमच्या अप्पांनी मला कधी शेजारी बसवून घेतलं नाही हो. आम्ही चौघी बहिणी. अप्पा घरात आले की आम्ही आत."

हे तिने बोलायला नको होतं. मला तिचा राग राग करायचा होता आणि ही बाई दया यायला लावत होती. मी म्हटलं, "चकली तुटतेय बघ," आणि तोंड पट्टीकडे केलं.

पट्टी संपली. मग ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकायचा होता. मी "ड्रायव्हरची सीडी कुठंय?" म्हणून ओरडले, तर आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "ड्रायव्हर हितं झोपलाय." आम्ही दोघी एकदम हसलो, आणि हसल्याचा मला लगेच राग आला.

सगळं टाकून झालं. फोल्डर जागच्या जागी ठेवले, कॉम्प्युटर बंद केला आणि चहा प्यायलो. चहा होताच बाबा चष्मा पुसत आले, खुर्ची ओढली, हात चोळले आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "बसा मास्तर."

कुणाला म्हणाले, देव जाणे. स्वप्नाली एक पाऊल पुढं आली. मीही आले. पण मी ह्या घरात जन्मलेली, कुठल्या फरशीवरून किती पटकन जाता येतं ते मला ठाऊक. ती पोचेपर्यंत माझं बूड स्टुलावर टेकलं होतं.

"जाऊ द्या, बाबा!"

आणि गाडी अशी निघाली म्हणता! लोण्यासारखी. कराड सुटलं, पाटण आलं. मी दार उघडलं, लावलं. बाबांचा चेहरा खुलला. "आयला वैजू, नवी कोरी गाडी काढल्यागत चाललीय की!" मी मागे वळून बघितलं. स्वप्नाली भिंतीला टेकून उभी होती आणि हसत होती, पण ते हसू कसलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. सकाळपासून माझ्या तोंडावर तेच होतं. मनातल्या मनात म्हटलं, आता बस उभी.

कोयनानगरचा पूल ओलांडला. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण.

गाडी अडकली.

चित्र थांबलं, सुटलं, थांबलं. बाबांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी आपली मागाहून जाऊन कठड्याला भिडली. मी उगाच दोन-चार बटणं दाबली. दिवे लागले, हॉर्न वाजला, दार उघडलं भर घाटात. गाडी ढिम्म.

"ऱ्हाऊ दे पोरी," बाबा म्हणाले. रागावले असते तरी चाललं असतं. अगदी मऊ आवाजात म्हणाले. "दमलीस तू. ही म्हणती तसं त्या मलकापूरच्या पोराला बघू दे एकदा."

ही म्हणती तसं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी "वायर सैल असेल," म्हणत टेबलाखाली शिरले. अगदी लहानपणी रुसून शिरायची तशी. कॉम्प्युटरचा डबा तिथं जमिनीवर होता. त्याच्याकडे तोंड करून नाक पुसायला गेले आणि थबकले. वास येत होता. जळक्या वायरचा नाही, देव्हाऱ्यातल्या निर्माल्याला येतो तसा, वर थोडा भाजका. हात लावला तर पत्रा तव्यासारखा तापलेला.

"स्वप्नाली," मी खालूनच म्हटलं, "बॅटरी आण. आणि स्क्रूड्रायव्हर."

तिने वीज बंद केली आणि बॅटरी घेऊन तीही माझ्याशेजारी टेबलाखाली शिरली. मी चार स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि दोघीही बघतच राहिलो.

आत झेंडू होता. सुकून चुरा झालेला, तपकिरी, पंख्याच्या पात्यांत गच्च बसलेला. पंख्याखालच्या जाळीत पाकळ्यांचा नुसता भुगा, त्यात हळद-कुंकू आणि अक्षता. मधोमध आपट्याचं एक पान.

"अगं बाई," स्वप्नाली म्हणाली. "बाजूच्या भोकांतून ओढून घेतलंय हो पंख्याने. हवाच जात नाही आत. म्हणून गरम होते आणि घाटात थांबते."

माझा फॉरमॅट, माझी सीडी, माझी अख्खी दुपार! टेबलाखाली बसून मला हसू यायला लागलं, ती पण हसायला लागली, आणि बाबा वरून विचारतायत, "काय झालं गं? काय मेलंय का आत?"

मी मूठभर चुरा बाहेर काढून त्यांच्यापुढं धरला. बाबांनी बघितलं, हुंगला आणि ओरडले, "शालन!"

आई झारा घेऊन आली. चुरा बघितला आणि लगेच म्हणाली, "मीच घातला हार. खंडेनवमीला. मग?"

"अगं, ह्या डब्याला कुणी हार घालतं का?"

"गाडीला हार नको?"

"ही काय गाडी हाय? पेटी हाय पेटी! तूच म्हणतीस की."

"मग रोज दुपारी कशात बसून जाता तुम्ही?" आईचा आवाज चढला. मी आईला बाबांवर आवाज चढवताना त्याआधी बघितलं नव्हतं. "जन्मभर दर दसऱ्याला मी हार ओवला. हाताएवढा न्हाई, गाडीच्या तोंडाएवढा. पहाटे उठून. तुम्ही पिशवीत घालून डेपोत नेलात. गाडीवर कसा दिसतो ते मी एकदा तरी बघितलं का? औंदा म्हटलं, गाडी घरातच हाय, तर आपल्या हातानं घालू. घातला. कोजागिरीपातुर काढला न्हाई. काय चुकलं माझं?"

बाबांना हसू येत होतं ते त्यांनी गिळलं. "चुकलं न्हाई गं. पण मला एका शब्दानं..."

"तुम्हाला सांगू? तुम्हाला कवा काय सांगायचं? गाडीत बसायचं म्हटलं की म्हणायचात, ड्युटीवर घरचं माणूस नगं, ड्रायव्हरचं ध्यान मागं जातं. मी म्हटलं, बरं. मग ही वैजी?" झारा माझ्याकडे आला. "हिला न्हेलीत की पाटणपातुर. बॉनेटवर बसवून! म्हशीएवढी झाली तरी सांगत फिरती गावभर. तवा न्हाई गेलं ध्यान मागं? आणि आता ही." झारा स्वप्नालीकडे गेला. "ही काल आली ह्या घरात. हिला शेजारी बसवता. मास्तर म्हणता. आणि मी तिकडं तेलापुढं. मला एकदा तरी म्हणालात, शालन, बस?"

झाऱ्यावरून तेलाचा थेंब फरशीवर पडला. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवरची ती फेरी मी खरंच गावभर सांगितली होती. आईच्या देखतही सांगितली होती, कितीतरी वेळा, दर वेळी थोडी जास्त रंगवून. ती ऐकताना आई काय करत असायची हे मला आठवेना. बहुतेक वाढत असायची.

आम्ही दोघींनी खाली बसून पंखा साफ केला. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने पाकळ्या सुट्या करत होते, स्वप्नाली फुंकर मारत होती आणि कुंकू दोघींच्या तोंडावर उडत होतं. तिने बॅटरी अगदी मला हवी तिथंच धरली होती. पत्रा बसवला, वीज लावली. पंख्याचा आवाज हलका झाला होता.

बाबा खुर्चीत बसले. स्टूल रिकामं. मी जागची हलले नाही, तीही नाही.

"शालन," बाबा म्हणाले. "ये."

"चकल्या हायत तेलात."

"मी बघते," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. आणि दोघींपैकी एकही स्वयंपाकघरात गेली नाही. स्वप्नालीने पटकन जाऊन गॅस तेवढा बंद केला आणि परत येऊन माझ्याशेजारी दारात उभी राहिली.

आईने झारा ठेवला, हात पुसले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, गावाला निघताना घ्यायची तसा, आणि स्टुलावर बसली. मोडेल की काय अशा बेताने.

"दार लाव," बाबा म्हणाले.

आईने चिटोरे वाचले, एक बोट पुढं केलं आणि दाबलं. दार लागलं. ती दचकली. मग म्हणाली, "जाऊ द्या."

गाडी निघाली.

"ह्ये काय?"

"पाटण."

"पाटणला एवढी स्वच्छता कवापासनं?"

"अगं, धरून चालायचं."

"बरं. आणि ह्यो पूल?"

"कोयनानगर. हितं मी चहाला थांबायचो."

"कुठं?"

"त्या झाडापाशी समज टपरी हाय."

आई त्या झाडाकडे गाडी पुढं जाईपर्यंत मान वळवून बघत राहिली. मग घाट आला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. गाडी कुठंच अडकली नाही. बाबा हलकेच स्टिअरिंग फिरवत होते आणि आई वळणावर खरोखरच कलत होती, एका हाताने टेबल धरून. काय सांगू, मला तिचा हेवा वाटला. म्हातारीचा, माझ्या आईचा. बाबा मला असं सावकाश, एकेक झाड दाखवत कधी घेऊन गेले नव्हते. शेजारी बघितलं तर स्वप्नालीचंही तोंड माझ्याइतकंच लांब झालेलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि आमचं पहिल्यांदा जमलं ते तिथं. त्याला बरीच वर्षं झाली, अजून जमतंय.

घाट उतरला. शेवटचा थांबा आला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आली फणसवाडी."

"हितं?" आई म्हणाली.

"हितं."

"वस्ती हितंच असायची?"

"हितंच."

आई पुढं वाकून बघायला लागली. स्क्रीनवर एक कुलूपबंद दुकान होतं, एक दिव्याचा खांब होता, बाकी झाडं.

"मग झोपायचात कुठं?"

"गाडीतच. मागच्या लांब बाकावर."

"गावात कुणाच्या घरी न्हाई?"

"न्हाई गं. देवळापुढं गाडी लावायची, डबा खायचा, आडवं व्हायचं. डास फोडून काढायचे नुसते."

"एकटेच?"

"कंडक्टर असायचा की. पुढच्या बाकावर. घोरायचा."

आई स्क्रीनकडे बघतच, ‘मीठ कमी झालंय’ म्हणायच्या आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, हितं कुणीतरी हाय तुमचं."

बाबा आधी हसले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. माझा हात स्वप्नालीने कधी धरला ते मला कळलं नाही.

"शालन. अगं, कोण असणार?"

"मला काय ठाऊक. डबा चाटूनपुसून रिकामा यायचा. आणि सकाळी तुम्ही हसत यायचात. रातभर डास चावलेला माणूस कशाला हसंल?"

"घरी यायचो म्हणून हसायचो."

आईने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "आता सांगताय," म्हणाली.

सवयीने बाबांचा हात किल्लीच्या जागी गेला. "चल," म्हणाले, "फिरवतो गाडी. कराडला जाऊ परत."

"थांबा," आई म्हणाली. "वस्तीची गाडी हाय न्हवं? ती सकाळी निघती. बसा गप."